‘इंजिनाचे साडेआठशे तास शिल्लक आहेत’ म्हणजे नेमकं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहणारे हे वाचक चव्वेचाळीस वर्षांचे आहेत आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी खासगी वैमानिकाचं लायसन्स घेतलं. सगळं उड्डाण सेस्ना १७२ वर, साधारण दोनशे तास. आता स्वतःचं विमान घ्यायचं मनात आहे. कॉर्पस ख्रिस्तीच्या बाजूला, समुद्रापासून जवळ, एक आरव्ही-६ विकायला आहे. किट आणून घरी बांधलेलं हे दोन आसनी विमान १९९९ साली पहिल्यांदा उडालं. इंजिन लायकमिंग कंपनीचं ओ-३२०, १६० अश्वशक्तीचं. विमानाचे आणि इंजिनाचे तास सारखेच, १,१५०. बांधणारे गृहस्थ आता सत्तरी ओलांडलेले आहेत. दृष्टी कमी झाल्यामुळे त्यांचं उडणं जवळपास थांबलं, आणि गेल्या चार वर्षांत विमान जेमतेम वीस तास हवेत गेलं. मागणी ८५,००० डॉलरची. वाचकांचा हिशेब असा: इंजिन दोन हजार तासांचं, म्हणजे साडेआठशे शिल्लक, वर्षाला ऐंशी तास धरले तर दहा वर्षं बघायला नको. वार्षिक तपासणीही नुकतीच झाली आहे. नुकतंच ओव्हरहॉल केलेलं, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केलेलं, इंजिन असलेलं दुसरं एक आरव्ही-६ त्यांनी पाहिलं, पण ते १८,००० डॉलरनी महाग. अडचणी दोन आहेत. त्या गृहस्थांनी यांना घरी जेवायला बसवलं, मुलासारखं वागवलं, ‘विमान तुलाच द्यायचं’ म्हणाले. आता त्यांच्या विमानावर परका मेकॅनिक आणायचा, तर तो अविश्वास वाटेल. दुसरी अडचण पत्नीची. ‘चार वर्षं अंगणात उभी असलेली गाडी तू घेतली असतीस का?’ असं त्या विचारतात. ‘तिला इंजिनातलं कळत नाही, तिची समजूत कशी घालू?’ हा वाचकांचा प्रश्न.

उत्तर:

सुरुवात तुमच्या पत्नीपासूनच करते. तुमच्या सबंध पत्रात इंजिनाबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनी विचारला आहे. त्यांची समजूत घालण्याआधी त्या प्रश्नाला उत्तर शोधू या. गेली बरीच वर्षं मी हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून काम करते. दुसऱ्याचं जुनं विमान बघायला गेले की माझाही पहिला प्रश्न हाच असतो: हे किती उडालं यापेक्षा किती काळ उभं राहिलं?

दोन हजार तासांचा आकडा आला कुठून ते आधी बघू. लायकमिंगची सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १००९ प्रत्येक मॉडेलसाठी ओव्हरहॉलची मुदत सुचवते. ओ-३२० साठी ती आहे २,००० तास किंवा बारा वर्षं, जे आधी येईल ते. यातले दोन हजार तास तुम्ही धरून ठेवलेत आणि बारा वर्षं सोडून दिलीत. बारा वर्षांनी मोजलं तर या इंजिनाची मुदत २०११ च्या सुमारासच संपली. खासगी वापरासाठी उडवणाऱ्याला अमेरिकेत या दोन्ही मुदती बंधनकारक नाहीत, आणि मुदत उलटून शेकडो तास उत्तम चालणारी इंजिनं मी पाहिली आहेत. पण ज्या कागदातला एक आकडा सोयीचा म्हणून घेतला, त्याच ओळीतला दुसरा गैरसोयीचा म्हणून गाळला, तर हिशेब आपल्याच मनाचा होतो. ‘शिल्लक तास’ असं इंजिनात कुठे साठवलेलं नसतं. कुठलं इंजिन सातशे तासांत खलास होतं, कुठलं अडीच हजारांपर्यंत जातं. फरक पडतो तो वापराने आणि निगराणीने.

आता समुद्राकाठी चार वर्षं आणि वीस तास, याचा अर्थ काय होतो ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमचे पैसे इथेच अडकण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर बसतो. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू खाली निथळतं आणि सगळ्यात आधी कोरडा पडतो तो वरचा कॅम. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांत तो खाली असतो, त्यामुळे तिथे हा त्रास तुलनेने कमी. कोरड्या पडलेल्या पोलादावर दमट, खारी हवा बसली की गंजाचे बारीक ठिपके उमटतात. नुसत्या उभ्या इंजिनाला त्याने काही होत नाही. पुढे कुणी ते उत्साहाने उडवायला लागला की टॅपेटचा, म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, गुळगुळीत पृष्ठभाग त्या ठिपक्यांवरून मिनिटाला शेकडो वेळा घासला जातो. पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात, लोखंडाचा कीस तेलात जातो, कॅमचे उंचवटे झिजतात आणि व्हॉल्व्ह पुरेसे उघडेनासे होतात. म्हणजे गंज चढतो विकणाऱ्याच्या काळात, आणि दुखणं बाहेर पडतं घेणाऱ्याच्या पहिल्या पन्नास-शंभर तासांत. विकणारा अगदी प्रामाणिक असला तरी असं होतं, कारण त्यालाही ते दिसलेलं नसतं. सिलिंडर उतरवल्याशिवाय या इंजिनाचा कॅम नीट पाहता येत नाही.

म्हणूनच लायकमिंग सांगते की तीस दिवसांत निदान एकदा, सलग तासभर उडवा आणि तेलाचं तापमान १६५ ते २०० फॅरनहाइटच्या दरम्यान जाऊ द्या, म्हणजे आत साचलेलं पाणी वाफ होऊन निघून जाईल. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. उलट त्याने ओल वाढते, कारण जळलेल्या इंधनाबरोबर पाणी तयार होतं आणि ते बाहेर टाकण्याइतकं तेल तापतच नाही. तुमच्या गृहस्थांना हे नक्की विचारा: ते वीस तास चार वर्षांत कसे विभागले होते? दर दोन-तीन महिन्यांनी तासाभराचं उड्डाण झालं असेल, तर इंजिन फार सुखात नव्हतं, पण आशा आहे. एकदाच उन्हाळ्यात पंधरा तास आणि मग अडीच वर्षं झाकून ठेवलं असेल, तर माझा कौल वेगळा पडेल. मधल्या काळात गंज रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह तेल भरलं होतं का, स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणारे प्लग लावले होते का, हेही विचारा. ज्यांनी लावलेले असतात ते अभिमानाने सांगतात.

यापुढचं काम लॉगबुकं करतील. शेवटचं पान वाचून थांबू नका, पहिल्या पानापासून वाचा. इंजिनाच्या निगराणीची सगळ्यात सोपी खूण तेल बदलण्याच्या नोंदी. फिल्टर असलेल्या इंजिनासाठी लायकमिंगचं म्हणणं आहे की पन्नास तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तेल आणि फिल्टर बदला. वीस तासांत तासांच्या हिशेबाने एकदाही बदलायची गरज नव्हती. महिन्यांच्या हिशेबाने चार वर्षांत बारा वेळा होती. जुनं तेल आम्लयुक्त होतं आणि ओलीबरोबर गंजाला हातभार लावतं. त्या चार वर्षांत किती नोंदी सापडतात ते पाहा. सात-आठ दिसल्या, तर मी त्या माणसाच्या हातावर बराच विश्वास टाकेन. एकही नसेल, तर आधीच्या वीस वर्षांच्या टापटीप नोंदींनी फारसं भुलू नका.

फिल्टर दरवेळी कापून तपासला, असं लिहिलंय का? तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवत असत का? पाठवत असतील तर जुने अहवाल मागून घ्या आणि एकाखाली एक मांडून वाचा. एकट्या अहवालातून थोडंच कळतं. लोखंडाचा आकडा वर्षागणिक चढत गेलाय का, सिलिकॉन अचानक वाढलंय का, म्हणजे एअर फिल्टरच्या कडेने धूळ आत जात होती का, हे चढ-उतारातून दिसतं. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते: प्रोपेलर. मधेच कुठे नवा प्रोपेलर बसवल्याची नोंद असेल आणि कारण लिहिलं नसेल, तर थांबा आणि विचारा. पातं जमिनीला लागून इंजिन अचानक थांबलं असेल, तर आत क्रँकशाफ्टच्या गिअरला इजा झालेली असू शकते. त्यासाठी इंजिन उघडून तपासलं होतं का, हे कागदावर दिसलं पाहिजे.

‘वार्षिक तपासणी नुकतीच पास’ या वाक्यावर तुम्ही फार भार टाकलाय, म्हणून त्यामागचा नियम सांगते. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाचं मोठं काम हौशी मंडळींनीच केलेलं असेल, तर त्याला प्रायोगिक वर्गात परवानगी मिळते आणि मुख्य बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं रिपेअरमन प्रमाणपत्र घेता येतं. त्या प्रमाणपत्रावर तो स्वतः दरवर्षी आपल्या विमानाची कंडिशन इन्स्पेक्शन, म्हणजे हीच वार्षिक तपासणी, करून सही करतो. (मुंबईत चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि त्याची नोंदणी व्हायला २०१७ साल उजाडलं, ते ज्यांना आठवतं त्यांना ही मोकळीक केवढी मोठी आहे ते कळेल.) म्हणजे पंचवीस वर्षं या विमानाकडे बहुधा एकाच माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं गेलंय, आणि ती दृष्टी कमी झालीय असं तुम्हीच लिहिलंत. शिवाय ते प्रमाणपत्र विमानाबरोबर तुमच्याकडे येत नाही. पुढच्या वर्षीपासून तुम्हाला बहुधा ए अँड पी, म्हणजे सांगाडा आणि इंजिन या दोन्हींचा परवाना असलेला, मेकॅनिक लागेल. मग तो खरेदीच्या आधीच का नको?

आता भिडेबद्दल. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण इथे भीड मोडायचीही गरज आहे असं मला वाटत नाही, कारण तुम्ही धरून चालला आहात की तपासणीने त्यांना वाईट वाटेल. हजारो रिव्हेट स्वतःच्या हातांनी ठोकलेल्या माणसाला आपलं विमान कोणी बारकाईने पाहिलं तर बहुतेक वेळा आनंदच होतो. त्यांना हँगरमध्ये हजर राहायला सांगा. ‘माझा मेकॅनिक पुढे दरवर्षी हे विमान बघणार आहे, तर तुम्ही जे जसं बांधलं ते त्याला स्वतः दाखवाल का?’ असं विचारा. यात खोटं काहीच नाही. मेकॅनिक मात्र तुम्ही निवडलेला, तुम्ही पैसे दिलेला आणि शक्यतो आरव्ही जवळून माहीत असलेला हवा. त्या हँगरमध्ये नेहमी येणारा त्यांचा मित्र नको. असा कोणी सापडत नसेल तर एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या जवळच्या शाखेत जा. घरी विमानं बांधणारी माणसं तिथेच भेटतात आणि भरभरून सांगतात.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट मागा: इंधनाची व्यवस्था कागदावर काढून. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत प्रत्येक नळी, झडप, फिल्टर, पंप. घरी बांधलेल्या विमानात आराखडा एकच असला तरी प्रत्यक्ष विमान बांधणाऱ्याच्या मर्जीने बदललेलं असतं. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांनी लाँग-ईझेड नावाचं, दुसऱ्याने घरी बांधलेलं विमान वापरलेलं घेतलं होतं. त्यात इंधनाची टाकी बदलण्याची झडप मूळ आराखड्यातल्या जागी नव्हती, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ते विमान समुद्रात कोसळलं आणि डेन्व्हर गेले. चौकशीत त्या झडपेच्या जागेवर बोट ठेवलं गेलं. तुमच्या विमानात असं काही असेलच असं नाही, पण दुसऱ्याने बांधलेलं विमान घेताना त्याच्या डोक्यातला नकाशा आपल्या हातात यायला हवा, आणि हे गृहस्थ तो देण्याच्या स्थितीत आज आहेत.

तपासणीच्या दिवशी इंजिनावर काय करायचं? आधी अर्धा-पाऊण तास उडवून इंजिन नीट गरम करा. त्या गृहस्थांनी उडवू नये, मेकॅनिकच्या ओळखीचा अनुभवी आरव्ही वैमानिक घ्या. मग कॉम्प्रेशन टेस्ट. ८० पौंडांची हवा सोडून किती टिकते ते मोजतात. लायकमिंगच्या मते ६० च्या खाली गेलं तर काळजी, आणि चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असावेत. पण या आकड्यांनी हुरळू नका, खचूनही जाऊ नका. महिनोनमहिने उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांमुळे आकडा घसरतो आणि काही तास उडाल्यावर सुधारतो. हवा कुठून सुटतेय ते ऐकणं जास्त महत्त्वाचं: एक्झॉस्टमधून फुसफुस येत असेल तर व्हॉल्व्ह संशयास्पद, तेलाच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येत असेल तर रिंग. त्यानंतर बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा फोटो काढून घ्या. निरोगी व्हॉल्व्हवर रंगांची वर्तुळं मध्यापासून सारखी पसरलेली दिसतात. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हवर एका कडेला वेगळाच डाग असतो आणि वर्तुळं कलतात. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे ठिपके दिसले, तर वर कॅमवरही असतील असं धरून चाला. शेवटी फिल्टर कापून त्यातला घडीचा कागद उलगडा, उन्हात धरा, लोहचुंबक फिरवा. सुई-सुईएवढे चमचमते तुकडे सापडले तर त्या दिवशी घरी या.

सगळं स्वच्छ निघालं तरी कॅमची शंका पूर्ण फिटत नाही. एखादा सिलिंडर उतरवून बघू द्या, अशी मागणी करता येते. पण मी ती सहसा करत नाही. सिलिंडर परत बसवताना बोल्टचा ताण चुकला तर नवा धोका घरात येतो, आणि विकणाऱ्याने नकार दिला तर तो समजण्यासारखा आहे. त्याऐवजी ती शंका किमतीत उतरवा. आज ओव्हरहॉलसाठी किमान तीस हजार डॉलर बाजूला धरायला हवेत. विमानाची किंमत ठरवताना इंजिन साडेअकराशे तासांचं नसून ओव्हरहॉलच्या उंबरठ्यावरचं आहे असं समजा. हा हिशेब त्या गृहस्थांसमोर लिहून ठेवा आणि शांतपणे बोला. ते दहा-पंधरा हजार कमी करायला तयार झाले आणि इंजिन चाललं, तर ते पैसे तुमच्या पुढच्या इंजिनाचे. ८५,००० देऊन वर बँकेत काहीच उरत नसेल, तर हे विमान तुम्हाला परवडत नाही, आणि हे मला तुम्हाला स्पष्टच सांगायला हवं.

त्या दुसऱ्या, महागड्या विमानाकडे वळू. नुकतंच ओव्हरहॉल म्हणजे निर्धोक, हाही समजच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाने कोस्टल कमांडच्या विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठरावीक मुदतीच्या देखभालीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. उघडलेल्या यंत्रात माणसाच्या चुकाही शिरतात, आणि त्या पहिल्या काही तासांतच उघडकीला येतात. प्रायोगिक विमानाचं इंजिन मालकाने स्वतः गॅरेजमध्ये ओव्हरहॉल केलं तरी चालतं. म्हणून विचारा: कोणी केलं, कुठले भाग नवे, कुठले जुनेच घासूनपुसून लावले, पावत्या कुठे आहेत, आणि त्यानंतर ते किती उडालं? नामवंत दुकानाच्या पावत्या आणि नंतरचे शंभर-दीडशे नियमित तास असतील, तर १८,००० जास्त देणं मला अजिबात महाग वाटत नाही. शून्य तास आणि वहीत एक ओळ, एवढंच असेल तर मी तुमच्या त्या सत्तरीतल्या गृहस्थांचंच विमान निवडेन.

विमानाच्या सांगाड्याबद्दल दोनच गोष्टी. आरव्हीची किट बनवणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्टने २०१४ मध्ये आरव्ही-६ सह काही मॉडेलांच्या शेपटीच्या आडव्या पंखात आणि एलिव्हेटरमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या हलत्या भागात, तडे शोधण्याच्या सूचना काढल्या होत्या; त्या तपासण्या झाल्याची नोंद बघा. आणि विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्सचा, म्हणजे उडवण्याच्या अटींचा, मूळ कागद विमानात आहे ना, याची खात्री करा. तो नसेल तर उडवता येत नाही.

तुमच्या पत्नींना या तपासणीला बरोबर न्या. उजव्या आसनावर त्याच बसणार आहेत. हे हौशी माणसांनी बांधलेलं विमान आहे आणि नेहमीच्या विमानांसाठीचे सुरक्षानियम ते पाळत नाही, अशी पाटी कॉकपिटमध्ये कायद्यानेच लावलेली असते. ती त्यांनी मालक झाल्यावर प्रथमच वाचू नये. कापलेला फिल्टर, व्हॉल्व्हचे फोटो, लॉगबुकातल्या नोंदी त्यांना मेकॅनिककडून समजावून घेऊ द्या. मग त्या ‘नको’ म्हणाल्या, तर तो निर्णय माहितीने घेतलेला असेल आणि तुम्हाला तो मानावा लागेल.

घ्यायचं ठरलंच, तर विमान स्वतः उडवत घरी आणू नका. आरव्ही-६ चं तिसरं चाक शेपटीखाली असतं; त्यासाठी तुम्हाला टेलव्हीलचं एन्डॉर्समेंट, म्हणजे प्रशिक्षकाची लेखी मंजुरी, लागेल, आणि सेस्ना १७२ च्या मानाने याचे कंट्रोल फार हलके आहेत. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी एनटीएसबी या संस्थेने २०११ सालच्या घरी बांधलेल्या विमानांच्या २२४ अपघातांचा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त विमानं सध्याच्या मालकाने वापरलेली म्हणून विकत घेतलेली होती, आणि १४ अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले होते. आरव्हीवर शिकवणारा प्रशिक्षक आधी शोधा. विमा कंपनीही बहुधा तेच मागेल. मग पहिलं तेल दहा तासांनी बदला, फिल्टर कापा, नमुना प्रयोगशाळेत पाठवा, पंचवीस तासांनी पुन्हा तेच करा. या पहिल्या पंचवीस तासांत उतरता येईल अशा धावपट्टीच्या आवाक्यातच राहा आणि दर आठवड्या-पंधरवड्याला निदान तासभर उडवत जा.